अक्कांच्या खोलीचा गुलाबी

गुलाबी रंग एकच असतो असं मानणारी माणसं सुखी असतात. आमच्या घरात असं एक सुखी माणूस आहे आणि मी गेली बावीस वर्षं त्याच्याबरोबर संसार करते आहे. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मीही तशीच सुखी होते. एक फिका गुलाबी, एक गडद गुलाबी, एवढ्या दोनांत माझं भागत होतं. गंगाक्कांनी ते सुख घालवलं.

अक्कांना जाऊन आता दीड वर्ष होत आलं. अजूनही फिक्या गुलाबी रंगाचं काही दिसलं, मग ती शाळेतल्या एखाद्या पोरीची रिबीन असो की औषधाची गोळी, की मी मनातल्या मनात विचारते, "अक्का, हा कुठला?" आणि मला उत्तर ऐकू येतं. मला त्यांची फार आठवण येते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं हसतखेळत सांगता येईल.

त्यांचं मॅचिंग सेंटर मधल्या मारुतीच्या मागच्या गल्लीत, आमच्या घरापासून चार घरं सोडून. पाटीवर देवाचं लांबलचक नाव होतं, पण ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. "अक्काचं दुकान" म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडायचा. दुकान म्हणजे एक लांबोडी खोली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर ब्लाउजच्या कापडाचे तागे. डावीकडे पिवळ्यापासून सुरुवात व्हायची आणि उजवीकडे दाराजवळ काळ्यावर संपायचं. मधल्या सगळ्या फळ्या गुलाबीच्या. पाठीमागे पडदा आणि पडद्यामागे अक्कांचं घर, म्हणजे एक चूल, एक खाट आणि दुकानात न मावलेले तागे.

अक्का ठेंगण्या, रुंद, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि कमरेला दोरीनं बांधलेली कात्री. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे कापड मोजायच्या कानडीत. "ओंदु, येरडु, मूरु" असं म्हणत हाताच्या अंतरानं कापड सरसर ओढायच्या आणि पुढच्या क्षणी तेलुगू गिऱ्हाइकाशी तेलुगूत भांडायच्या. नवरा गेला तेव्हा मुलगा चन्नू पाळण्यात होता. तेव्हापासून अक्का त्या काउंटरमागे उभ्या होत्या, आणि उभ्या म्हणजे खरोखर उभ्या. दुकानात स्टूल एकच, तेही गिऱ्हाइकासाठी.

आता गंमत ऐका. अख्ख्या सोलापूरच्या बायकांना साडीवर नेमका ब्लाउज जुळवून देणाऱ्या या बाईचा स्वतःचा ब्लाउज कधीही साडीवर जात नसे. हिरव्या साडीवर केशरी, जांभळ्यावर पोपटी. ताग्याच्या शेवटी जो तुकडा उरायचा, जो कुणाला पुरायचा नाही, तो अक्कांच्या अंगावर यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी एकदा म्हटलंसुद्धा. त्यावर म्हणाल्या, "मला कोन बगतंय बाई? मी काउंटरमागं."

माझी-त्यांची पहिली भेट दिराच्या लग्नाच्या वेळची. सासूबाईंनी मला फिकी गुलाबी साडी घेतली होती. मी ती काउंटरवर ठेवली आणि शहाण्यासारखी म्हणाले, "यावर बेबी पिंक द्या."

"बेबी लई असत्यात," अक्का म्हणाल्या. "साडी उलगडा."

मग त्यांनी मागे न बघता हात वर केला आणि एकामागून एक तागे काउंटरवर टाकायला सुरुवात केली. अकरा तागे पडले. अकराही फिके गुलाबी. अक्का एकेकावर बोट ठेवत ओळख करून देत होत्या. "ही बाळाची टाच. ह्यो कांद्याचा पापुद्रा. ह्यो धुतलेला गुलाल. ह्यो शिळा पेरू. हे उकडलेलं रताळं." गिरणीनं दिलेली नावं आणि नंबर त्यांना ठाऊक नव्हते असं नाही, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. आणि एकदा ती नावं ऐकली की रंग वेगळे दिसायला लागायचे, हा माझा अनुभव. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पेरू शिळा झाला की त्यातला गुलाबी जरा तपकिरीकडे झुकतो.

"चला उन्हात," अक्का म्हणाल्या.

मॅचिंग सेंटरवाले कापड उजेडात नेऊन दाखवतात, त्यात नवल नाही. पण बाकीचे पायरीवर नेतात. अक्का रस्त्याच्या मधोमध न्यायच्या. सोलापूरच्या उन्हाला सगळं गाव शिव्या देतं. अक्कांनी त्याला कामाला लावलं होतं. माझी साडी आणि तीन तागे खांद्यावर टाकून त्या गल्लीच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. मागे दोन स्कूटर, एक हातगाडी आणि एक रिक्षा थांबली. कुणीही हॉर्न वाजवला नाही. रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"अक्का, डावीकडचा बसतोय की ओ."

"तू तुजी रिक्षा बग," अक्का म्हणाल्या. मग डावीकडचा तागा साडीवर धरून डोळे बारीक केले. "बरोबर बोलतोय पर त्यो."

दिव्याखाली सगळे रंग खोटं बोलतात, ऊन खोटं बोलत नाही, हा अक्कांचा धर्म होता. पावसाळी ढग असले की त्या गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवायच्या. आणि हुबेहूब रंग नसला तर "जवळपास" हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. "न्हाय माज्याकडं. म्होरल्या गल्लीत बगा," असं म्हणून तागे पुन्हा फळीवर. चन्नू लहानपणी म्हणायचा की अव्वा, म्हणजे आई, दुकानात विकायला उभी आहे की हाकलायला, तेच कळत नाही.

एकदा मी दुकानात असताना मंद्रूपहून टेम्पो करून नवरीचा बस्ता आला. नवरी आणि सहा बायका. साडी म्हणजे शालू, फिका गुलाबी, जरीचा. सहा बायकांनी सहा रंग पसंत केले आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. नवरी पोरगी मागे फळीला टेकून उभी. शेवटी एक मावशी काउंटरवर हात आपटून म्हणाली, "अक्का, तुमीच सांगा. तुमाला कुटला आवडतोय?"

"माज्या आवडीचं काय? मी घालनार हाय व्हय?" अक्का म्हणाल्या. मग कात्रीच्या टोकानं त्यांनी सहाही जणींना बाजूला केलं आणि मागच्या पोरीला हाक मारली. "नेसनारी कोन? तू ना? ये म्होरं. तू बोल."

पोरगी पुढे आली. बराच वेळ बघून तिनं एका ताग्यावर बोट ठेवलं. सहाही जणींची तोंडं वाकडी झाली. "झालं," अक्का म्हणाल्या आणि कात्री चालवली. "बाकीच्यानी चा घ्या."

पुढे माझ्या घराच्या रंगाचा प्रसंग आला. दिवाळीआधी हॉल रंगवायला काढला आणि मी हौसेनं फिका गुलाबी ठरवला. रंगारी इस्माईलभाई. माणूस कामाला सोनं, पण शेडकार्ड उघडून समोर ठेवल्यावर तोही हतबल. फिक्या गुलाबीच्या दोन पानं पट्ट्या. त्यांतून मी कशाबशा चार निवडल्या आणि तिथं अडकले. "बाजी, चारों एकीच दिखरे मेरेकू," इस्माईलभाई म्हणाले. आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "चारही एकच आहेत. रंगवाले फसवतात."

मी पट्ट्या घेऊन अक्कांकडे गेले. त्यांनी दुकान शेजारणीवर सोपवलं आणि तडक माझ्याबरोबर आल्या. भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

"हितं भिंतीम्होरं रोज कोन बसतंय?"

मी यांच्याकडे बोट दाखवलं. अक्का सोफ्यापाशी गेल्या आणि त्यांनी पहिली पट्टी थेट यांच्या गालाला लावली. बनियनवर बसलेला माणूस, हातात वर्तमानपत्र, गालाला शेडकार्ड. हे इतके चकित झाले की निषेधही करू शकले नाहीत.

"ह्यात साहेबास्नी कावीळ झाल्यावानी दिसतंय," अक्का म्हणाल्या. दुसरी पट्टी लावली. "ह्यात उपाशी दिसत्यात." तिसरी लावल्यावर दोन पावलं मागे सरून बघितलं. "हां. बाळाची टाच. ह्यात जरा खाऊनपिऊन बरं हाईत."

तोच रंग लावला. दिवाळीला आलेल्या निदान चौघांनी यांना "तब्येत सुधारली" म्हणून सांगितलं. हे त्याचं श्रेय अजून प्राणायामाला देतात. पण गल्लीत बातमी पसरली आणि त्यानंतर अक्कांच्या काउंटरवर साड्यांच्या शेजारी शेडकार्डं येऊन पडायला लागली. प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "म्होरं कोन बसतंय?"

पुढच्या वर्षी चन्नूनं जुळे सोलापूर या शहराबाहेरच्या नव्या वस्तीत घर बांधायला घेतलं. चन्नू सरकारी नोकरीत, बायको सुवर्णा शिक्षिका, दोघंही भली. अक्कांचे गुडघे आता काउंटरमागे उभं राहायला तयार नव्हते, म्हणून दुकान बंद करायचं आणि अक्कांनी नव्या घरी जायचं असं ठरलं. खालच्या मजल्यावर त्यांना स्वतंत्र खोली. सगळा जन्म पडद्यामागे, ताग्यांच्या मधे झोपलेल्या बाईला पहिल्यांदाच चार भिंतींची, दार लावता येईल अशी खोली मिळणार होती. चन्नू म्हणाला, "अव्वा, तुझ्या खोलीचा रंग तूच ठरव."

"गुलाबी," अक्का म्हणाल्या. चन्नू सांगतो, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाल्या आणि मग स्वतःच लाजल्या. "फिका. लई फिका."

इथवर सोपं होतं. इस्माईलभाईंनी शेडकार्ड दिलं, अक्कांनी त्यातून चार पट्ट्या निवडल्या आणि ज्या बाईनं डोळे झाकून अर्ध्या गावाचे गुलाबी निवडून दिले होते, ती बाई स्वतःच्या चार पट्ट्या घेऊन पंधरा दिवस बसली. जेवताना पट्ट्या ताटाशेजारी, झोपताना उशाशी. एके संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. "बाई, तुमी सांगा."

"अक्का, मी? तुमच्यापुढे?"

"भिंतीला साडी न्हाय की," त्या काकुळतीनं म्हणाल्या. "मी कशाला मॅच करू?"

मी म्हटलं, तुमच्या साड्यांना करा. त्यांनी खाली स्वतःच्या केशरी ब्लाउजकडे बघितलं आणि आम्ही दोघी हसलो. मग मला त्यांचंच औषध आठवलं. "त्या भिंतीसमोर कोण बसणार, अक्का?"

"मीच की."

"मग?"

अक्कांनी हातातल्या पट्ट्या उलटसुलट केल्या. मग म्हणाल्या, "मला माजं तोंड कुटं दिसतंय?" मी आतून आरसा आणला आणि पट्टी त्यांच्या गालाला लावायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "असू दे बाई. मला सवय न्हाय." गिऱ्हाइकाची आवड, साडीची आवड, सासूची आवड, सगळं त्यांना क्षणात कळायचं. स्वतःला काय आवडतं हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं आणि आता विचारल्यावर उत्तर कुठं शोधायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

इकडे वास्तुशांतीची तारीख ठरली. मार्गशीर्षातला गुरुवार. सगळं घर रंगवून झालं, अक्कांची खोली तेवढी कोरी. चन्नू चिडणारा नाही, पण तोही टेकीला आला. "अव्वा, शनिवारपर्यंत ठरव. नाहीतर मी पांढरा मारतो. पांढरा सगळ्याला चालतो."

"पांढरा म्हंजे अस्तर," अक्का माझ्याकडे येऊन तणतणल्या. ब्लाउजच्या आत लावायचं पांढरं कापड त्यांनी जन्मभर मीटरवर विकलं होतं. "सगळ्याच्या खाली जातंय म्हून मी अस्तरात ऱ्हाऊ व्हय?"

शेवटी त्यांनी जे येत होतं तेच केलं. इस्माईलभाईंकडून प्लायवूडच्या चार तुकड्यांवर चार रंग लावून घेतले आणि ते चारही तुकडे भर दुपारी गल्लीच्या मधोमध नेऊन उन्हात उभे केले. रहदारी थांबली. दोन रिक्षावाल्यांनी मतं दिली. अर्ध्या तासानं अक्कांनी 'धुतलेला गुलाल' निवडला आणि विजयी चेहऱ्यानं तुकडा माझ्या हातात दिला. उन्हात तो खरोखर सुंदर दिसत होता, अगदी रंगपंचमीनंतर दोनदा धुतलेल्या सदऱ्यासारखा.

मी शाळेत शिकवते; शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर नवं घर बघायला गेले. इस्माईलभाईंनी दुसरा हात मारून खोली तयार ठेवली होती. अक्का दारात उभ्या राहिल्या आणि आत पाऊल टाकता टाकता थांबल्या.

भिंती राखाडी होत्या.

खोलीला खिडकी एकच, पश्चिमेची. खिडकीबाहेर शेजारचा रिकामा प्लॉट आणि त्यात भला मोठा कडुनिंब. खोलीत येणारा सगळा उजेड त्या पाल्यातून गाळून, हिरवा होऊन येत होता आणि त्या हिरव्यानं गुलाबी पार खाऊन टाकला होता. "अम्मा, डब्बा वोइच है, कसम से," इस्माईलभाई घाबरून म्हणाले. अक्कांनी प्लायवूडचा तुकडा भिंतीला लावला. हुबेहूब जुळत होता. दोन्ही राखाडी. तुकडा घेऊन त्या अंगणात गेल्या. उन्हात गुलाबी. आत आणला, राखाडी. असं त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्यांदा आत आल्या तेव्हा तुकडा खाली ठेवला आणि भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या.

"चुकलं माजं," म्हणाल्या. "कापडाला उन्हात न्यायचं असतंय. भिंतीला कुटं नेता येतंय उन्हात?"

ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. चन्नूनंही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण तो एकदम मऊ झाला. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे अव्वा. एवढं काय मनाला लावून घेतेस? पांढरा मारून टाकू. गुरुवारी माणसं येणार, आता वेळ नाही." अगदी प्रेमानं म्हणाला. पण मी अक्कांचा चेहरा बघत होते. एकच गोष्ट मागितली होती त्यांनी, आणि तीही आता समजूतदारपणानं सोडून द्यायच्या बेतात होत्या. मला चन्नूचा राग आला, रंगाचा आला आणि त्या बिचाऱ्या कडुनिंबाचाही आला.

अक्का भिंतीकडे बघतच होत्या. "एक दीस दे मला," त्या म्हणाल्या. "उद्याचा."

"दे दो भाई," इस्माईलभाईच मधे पडले. "एक दिन से क्या होता? मैं तब तक दरवाजे करतूं."

रविवारी सकाळी इस्माईलभाईंनी राखाडी भिंतीवर वर्तमानपत्राएवढे चार चौकोन काढून दिले, चार गुलाबीचे. धुतलेला गुलाल बाद झाला म्हणून त्याच्या जागी अक्कांनी शेडकार्डातून आणखी एक काढला होता. अक्कांनी समोर प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि बसल्या. मी बाराच्या सुमारास कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही घेऊन गेले, तर त्या खुर्चीतच.

"पाय दुखाय लागलेत बाई," म्हणाल्या. "बसून बसून. उबं ऱ्हाऊन कदी दुखले न्हाईत इतके."

मी दुसरी खुर्ची ओढून घेतली. मराठी शिकवणारी बाई मी, मला प्रत्येक गोष्टीच्या मागे गोष्ट लागते. भाकरी खाता खाता मी त्यांना हळूच खोदायला लागले. गुलाबीच का, अक्का? आईची साडी होती का तशी? माहेरच्या घराची भिंत? लग्नातलं काही?

अक्कांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "काय आटवन-बिटवन न्हाय. आवडतोय. आवडायला कारन लागतंय व्हय?"

मी खजील होऊन चटणी खाल्ली.

एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. चार चौकोनांतला 'कांद्याचा पापुद्रा' दिवसभर नीट वागत होता. कडुनिंबाच्या उजेडातही तो गुलाबीच राहिला, ना उतरला ना चढला. मी म्हटलं, अक्का, हाच. इस्माईलभाई दरवाज्याला पॉलिश करता करता डोकावून म्हणाले, हाच. चन्नू आणि सुवर्णाही येऊन हाच म्हणाले. मी फोटो काढून घरी पाठवला, तर यांचं उत्तर आलं, "चारही एकच आहेत." सर्वांत वाईट होतं ते कोपऱ्यातलं 'उकडलेलं रताळं'. दिवसभर मळकट, निस्तेज. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

साडेचार झाले असतील. सूर्य खाली उतरत उतरत कडुनिंबाच्या फांद्यांच्या खाली आला आणि ऊन थेट खिडकीतून आत आलं, तिरपं, भिंतीवर. कांद्याचा पापुद्रा पिवळा पडला. बाळाची टाच पांढुरकी झाली, शिळा पेरू केशरी. आणि ते रताळं, ते मळकं रताळं, जागं झालं. कसा रंग ते मला नाही सांगता येणार. मराठीची बाई असून नाही येणार. फिकाच होता, पण भिंत आतून ऊबदार झाल्यासारखी दिसत होती.

अक्का खुर्चीतून उठल्या. वीस-बावीस मिनिटं ते तसं राहिलं. मग ऊन पलीकडच्या पाण्याच्या टाकीमागे गेलं आणि रताळं पुन्हा रताळं झालं.

"ह्यो," अक्का म्हणाल्या.

"अक्का," मी म्हटलं, "बाकी दिवसभर हा असाच दिसणार. मळका. येणारी-जाणारी माणसं नावं ठेवतील."

"ठेवू देत."

"वीस मिनिटांसाठी?"

"वीस मिन्टं लई झाली की बाई," त्या म्हणाल्या. "रोजची हाईत."

इस्माईलभाई ब्रश घेऊन आत आले. त्यांनी चारही चौकोनांकडे बघितलं, मग अक्कांकडे. "कौनसा, अम्मा?" अक्कांनी कोपऱ्यातल्या चौकोनावर तळहात ठेवला. "क्यों?" इस्माईलभाईंनी अविश्वासानं विचारलं. दिवसभर त्यांनीही बघितलं होतं ना.

"मला आवडला," अक्का म्हणाल्या. आणि मग जणू ते शब्द कसे लागतात ते पुन्हा बघावं, तसं आणखी एकदा म्हणाल्या, "मला आवडला."

मी जाताना म्हटलं, आता याला रताळं म्हणणं बरं नाही, दुसरं काहीतरी नाव ठेवा. "नाव कशाला? इकायचाय व्हय?" असं म्हणून त्या चपला शोधायला लागल्या.

गुरुवारी वास्तुशांत झाली. सकाळी अकराची वेळ, म्हणजे खोली अगदी आपल्या वाईट वेळेत. बायका खोल्या बघत बघत तिथं आल्या आणि एकीनं नाक मुरडलं, दुसरीनं मुरडलं. एवढ्या मोठ्या मॅचिंगवाल्या अक्का, आणि हे काय? अक्कांच्या एक जाऊबाई म्हणाल्या, पडद्याला जात नाही. एक म्हणाल्या, पांढरा लावला असता तर खोली मोठी दिसली असती. मी मधे पडणार होते, पण अक्कांनीच उत्तर दिलं. "पडदा काडून टाकू," त्या शांतपणे म्हणाल्या. आणि खरोखर काढून टाकला. खिडकीसमोरच्या भिंतीला त्यांनी खिळाही ठोकू दिला नाही. घड्याळ, कॅलेंडर, सिद्धरामेश्वराचा फोटो, सगळं दुसऱ्या भिंतीवर. कपाट लावायला माणसं आली तेव्हा खाटेवर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ती भिंत रिकामी राहिली.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. जत्रेत जायच्या आधी तिळगूळ द्यायला म्हणून मी जुळे सोलापूरला वाकडी वाट करून गेले. सुवर्णानं दार उघडलं आणि हसून आतल्या खोलीकडे मान हलवली. "जा तुम्ही. पण आत्ता त्या बोलणार नाहीत."

अक्का खाटेवर मांडी घालून, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. अंगावर करड्या रंगाची साडी आणि हिरवा ब्लाउज. मी दारातच थांबले. त्यांनी मान न वळवता खाटेवरची जागा थोपटली आणि सरकून मला वाव दिला. मी बसले. तिळगुळाची पुडी उघडायला लागले, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा की. यील आता."

बाहेर कडुनिंब हलला, ऊन फांद्यांखाली उतरलं आणि भिंतीवर आलं. आम्ही दोघी बघत बसलो. वर्गात मी पाच मिनिटं गप्प बसत नाही, त्या दिवशी बसले. जत्रेला उशीर होत होता, रिक्षा बाहेर उभी होती, त्यामुळे मला मधेच उठावं लागलं. आजवर अक्का कुणालाही पायरीपर्यंत सोडल्याशिवाय राहिल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या उठल्या नाहीत. मी दारातून "येते अक्का" म्हटलं, त्यांनी नुसता हात वर केला. भिंतीवर अजून थोडं ऊन उरलं होतं.